शेषराव काकांचा ट्रक तापतो

शेषराव काका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. पालथा हात लावतात.

म्हणजे असं, की तुम्ही त्यांच्या दारात उभे राहिलात की ते आधी हाताची पालथी बाजू तुमच्या कपाळाला टेकवणार, "हां, ठीक ए, ये आत," म्हणणार, आणि मग कशाला आलात ते विचारणार. कपाळापुरतं असतं तर चाललं असतं. पण काकांचा हात फ्रीजच्या कडेला, मिक्सरच्या बुडाला, मोबाइलच्या चार्जरला, उभ्या गाडीच्या बॉनेटला, जिथं म्हणून ऊब असल्याचा संशय येईल तिथं जातो. आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींच्या शेजारच्या स्पीकरला हात लावला आणि ऐन कथेत म्हणाले, "महाराज, पाचवा अध्याय जरा चटचट घ्या. मशीन तापलंय." गुरुजींनी घेतला. जेवणं लवकर झाली म्हणून कुणी तक्रारही केली नाही.

त्यांचं अन् आमचं घर सिडकोत, भिंतीला भिंत लागून. मी घरबसल्या बांधकामांचे नकाशे काढते, दिवसभर कॉम्प्युटरपुढं असते. त्यामुळं कॉलनीत कुणाचंही यंत्र रुसलं की पहिली बेल माझ्या दाराची वाजते. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माजच आहे. बिघाड सापडेपर्यंत मला चहा गोड लागत नाही.

काकांचं गाव सोयगावकडचं, पण सगळी नोकरी गेली चितेगावच्या एका कारखान्यात, पत्र्यावर रंग भाजायच्या भट्टीपाशी. तिथंच ही हाताची खोड लागली. "गरमी सांगून येती," ते म्हणतात, "माणसानं फकस्त हात लावायची तसदी घ्यावी." त्यांच्या हिशेबी जगातला प्रत्येक बिघाड, मग तो पंख्याचा असो की संसाराचा, आधी तापतो आणि मग होतो. काकू तापल्या की मात्र काका हात लावायला जात नाहीत, गच्चीवर जातात.

त्यांचा दुसरा गुण रिव्हर्सचा. आमची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मध्ये कुणाच्या तरी वाळूचा ढीग. पण काका मान मागं वळवतात, एक हात शेजारच्या सीटवर टाकतात आणि कुणाचीही गाडी एका दमात फाटकात नेऊन उभी करतात. दोनदा पुढंमागं करणं हा त्यांना अपमान वाटतो. नवी गाडी घेतलेले लोक पेढे घेऊन येतात आणि जाताना हळूच म्हणतात, "काका, जरा मागं घेऊन द्या ना." काका चप्पल न घालताच निघतात.

काकूंचं वेड वेगळं. त्या क्रोशाचं विणकाम करतात, आणि त्यांच्या घरात उघडी वस्तू टिकत नाही. टीव्हीवर रुमाल, फ्रीजवर रुमाल, पाण्याच्या माठावर मणी लावलेला रुमाल. मी एकदा तासभर बसले तर उठायच्या आत माझ्या पर्सखाली एक आला होता.

आता मुद्द्याचं. या घरात एक गेमिंग लॅपटॉप आहे.

तो वर्षाचा, काकांच्या एकुलत्या एका मुलीचा. ती नोकरीला जर्मनीत गेली तेव्हा तो इथंच ठेवून गेली. काळाकुट्ट, कीबोर्डखाली लाल दिवे, आणि उचलायचा तर आधी पदर खोचावा लागेल इतका जड. जाताना तिनं काकांना त्याच्यावर एक खेळ शिकवला. युरोपातल्या रस्त्यांवर मालाचा ट्रक चालवायचा. तिकडून तिचा ट्रक, इकडून काकांचा, दोघं एकाच रस्त्यावर, पुढंमागं, आणि बोलणं चालू. दर रविवारी दुपारी.

काका हा खेळ खेळत नाहीत. काका ड्युटीवर जातात. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतात. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतात, वळताना दिवा देतात, आणि वेगाच्या पाटीवर जेवढं लिहिलंय त्याच्यापेक्षा थोडं खालीच राहतात. मागचे जर्मन ट्रक हॉर्न वाजवून बेजार होतात. दसऱ्याला त्यांनी लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता. "गाडी ए ती," म्हणाले. काकू मला भाजीवाल्यासमोरच सांगतात, "आमचे हे दर रविवारी जर्मनीला जातेत, अन् कोपऱ्यावरून दूध आणा म्हटलं की गुडघा दुखतो."

तर होळी झाली, आमच्याकडं घरोघर कूलर बाहेर निघाले, त्यांच्या जाळ्यांत नवं गवत भरलं गेलं, आणि काकांचा लॅपटॉप बंद पडायला लागला. ट्रक चांगला चाललेला असायचा, पंखा घरघरायचा, आणि एकदम पडदा काळा. वर्षा फोनवर म्हणाली, "बाबा, गरम होऊन बंद पडतोय तो."

हे काकांना लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर भट्टी सांभाळली, त्याच्या डोळ्यांसमोर एक यंत्र गरम होऊन बंद पडतं म्हणजे काय? इज्जतीचा प्रश्न झाला. ते माझ्याकडं आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच माझ्या लॅपटॉपखालच्या पंखेवाल्या पॅडला.

"ह्यानं फरक पडतो का गं, स्वाती?"

"पडतो की, काका."

"किती?"

"थोडा."

"थोडा म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या चहात फुंकर मारल्यानं पडतो तेवढा. फ्रीज होत नाही त्याचा."

काकांना हे उत्तर फारसं पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या स्कूटीवरून औरंगपुऱ्यात. दुकानदार ओळखीचा, शफीकभाई. काकांनी काउंटरवरच्या एकेका पॅडला पालथा हात लावून बघितला.

"ये तो ठंडा नहीं लग रा."

"चाचा, ये ठंडा नहीं होता. हवा फेकता, बस."

"कौनसी हवा?"

"कमरे की हवा, चाचा. और कौनसी?"

"कमरे में तो आग लगेली है!"

शफीकभाईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. "तो कमरा ठंडा रखो ना चाचा," तो म्हणाला, "पॅड बिचारा क्या करेगा?" काकांना हे वाक्य मात्र फार आवडलं. घरी येईपर्यंत ते मागं बसून दोनदा म्हणाले, "पोरगं हुशार ए."

पॅड आलं. निळे दिवे, खाली पंखे. आणि त्याच रविवारी लॅपटॉप पुन्हा बंद पडला, तोही पहिल्यापेक्षा लवकर.

झालं! काकांनी कॉलनीत जाहीर केलं की पॅड म्हणजे शुद्ध बनवाबनवी. मंदिराच्या ओट्यावर, दुधाच्या रांगेत, सगळीकडं एकच. "खामखा निळे दिवे लावून लोकाला गंडवतेत." ज्यांच्या घरात लॅपटॉप नव्हता तेही माना डोलवत होते. दोघांनी तर मला गाठून विचारलं, तुम्ही कशाला घेऊन गेला त्यांना? माझं डोकं फिरलं. माझं पॅड गेली कैक वर्षं इमानानं चाललंय, आणि माझ्या सल्ल्याची अशी नाचक्की?

मी तडक त्यांच्याकडं गेले. भांडायलाच गेले होते. पण काका गच्चीच्या जिन्यावर बसलेले. त्यांनी माझ्या कपाळालाही हात लावला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण पॅडचं नाही.

"काय झालं, काका?"

"वर्षा काहीतरी सांगत होती परवा. 'बाबा, तुम्हाला एक सांगायचंय,' म्हणाली. अन् ते बंद पडलं."

"मग फोन करून विचारायचं ना."

"केला की. म्हणती, काही नाय, सहज."

त्यांनी सरकून मला पायरीवर जागा केली. मग म्हणाले, "तुला सांगतो. ती शाळेत होती ना, तवा मी तिला स्कूटरवर क्लासला न्यायचो, औरंगपुऱ्यात. मागं बसली की पार तिथंपर्यंत बोलायची. मैत्रिणीचं, बाईंचं, मार्क कमी पडले तेबी. अन् घरी समोर बसवलं की तोंडातून शब्द नाय. तोंडाकडं पाहून बोलता येत नाय तिला. माझ्यावर गेलीये."

त्यांचे व्हिडिओ कॉल मी ऐकले होते. जेवलीस का. हो, तुम्ही? हो. थंडी ए का? आहे. बरं, आईला देतो. फोनवर कपाळाला हात लावता येत नाही, मग त्या माणसानं करायचं तरी काय?

"ट्रकवर बोलती ती," काका म्हणाले. "दोघंबी रस्त्याकडं पाहतो, मग बोलती. आता म्हणती, 'बाबा, जाऊ द्या तो लॅपटॉप, येत्या रविवारपासून साधा फोनच करत जाऊ.' काय सांगायचं होतं तिला, गं? मला झोप नाय लागंना."

आता सांगा, कुणाशी भांडणार?

"दाखवा मला तो," मी म्हणाले. "येत्या रविवारी तुमचा ट्रक बंद पडला तर माझं नाव बदला."

आत जाऊन बघते, तर मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खिडकीत कूलर. कूलरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर टेबल. टेबलावर लॅपटॉप, त्याची पाठ बरोबर कूलरकडं. सगळ्या घरानं घामाघूम व्हायचं आणि सगळा वारा लॅपटॉपनं खायचा, अशी व्यवस्था. काका अभिमानानं म्हणाले, "कमराच ठंडा केलाय. होळीपासून कूलर ह्याच्यावरच ए, पॅड आल्यावर आणखी जवळ घेतला."

"काका, ह्याची गरम हवा कुठून बाहेर येते?"

"पाठीमागून."

"आणि कूलर कुठून मारतोय?"

काकांनी मान वळवून कूलरकडं बघितलं.

"तुमच्या भट्टीच्या धुराड्यात कुणी बाहेरून पंखा लावला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"कामावरून काढला असता," काका हळूच म्हणाले.

मी लॅपटॉप उचलला, आणि खाली पॅड दिसेना. पॅडवर घट्ट विणलेला, गुलाबी काठाचा, चारी कोपऱ्यांना गोंडे असलेला रुमाल होता.

"काकू!"

काकू पोळ्या टाकून आल्या. "अगं, ते खालचे पंखे कसे उघडेनागडे दिसत होते. पाव्हणेरावळे येतेत. अन् नव्या वस्तूला चरे पडतेत. जाळीचाच ए की, हवा जाती त्यातून."

"मुंगी जाणार नाही त्यातून, काकू."

"तुला विणकाम नाय कळत," काकू म्हणाल्या. पण रुमाल त्यांनी काढून घेतला, झटकला, आणि जाता जाता माउसखाली ठेवला.

"मी भट्टी सांभाळली," काका तिकडं बघून म्हणाले, "अन् माझ्या घरात हे." मी म्हटलं, तुमचा कूलर आधी बघू, मग काकूंना बोला.

मग मी घरून छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि रंगकामाचा मऊ ब्रश आणला आणि खालचं झाकण उघडलं. अगं बाई! आत पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडायची त्या बारीक पत्र्यांवर, गादीचा कापूस बसवावा तसा थर बसला होता. कूलरच्या नव्या गवताच्या काड्या, आपल्या गावची धूळ, आणि कूलरची ओल लागून दोन्हींचा झालेला लगदा. होळीपासून काकांनी मोठ्या मायेनं त्या बिचाऱ्याच्या नाकात गवत कोंबलं होतं. काका वाकून बघत होते. ते इतके शरमले, की मी आणखी काही बोललेच नाही.

तो थर मी अलगद सोडवला, ब्रशनं साफ केला, झाकण लावलं. टेबल खिडकीपासून भिंतीकडं सरकवलं, कूलर माणसांकडं वळवला. काकूंनी त्याच्यासमोर उभं राहून खोचलेला पदर सोडला आणि "देवा, गारवा!" म्हणाल्या. मग लॅपटॉप पॅडवर ठेवला, मध्ये काहीही नाही. काकांनी एकट्यानं चाचणीची फेरी मारली. मी शेजारी बसून कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघत होते. आधी पॅड बंद ठेवून, मग चालू करून. पॅड चालू केलं की आकडा थोडा उतरायचा. जास्त नाही, पण उतरायचा आणि उतरलेलाच राहायचा.

"तर ऐका," मी म्हणाले, कारण असा मोका मी सोडत नसते. "पॅडचा उपयोग होतो. पण लॅपटॉपला आतून श्वास घेता येत असेल तरच. नाक चोंदलेल्या माणसाला कितीही वारा घाला, तो तोंडच उघडणार."

"मान्य," काका म्हणाले. लॅपटॉपला पालथा हात लावून ते हसले. तोवर त्यांचा ट्रक मुक्कामाच्या डेपोत पोचला होता. मागं जोडलेल्या लांबलचक डब्यासकट तो दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उलटा लावायचा होता. त्याशिवाय फेरी संपत नाही. मी सांगते, मला तर सरळही लावता आला नसता. काकांनी स्टीअरिंगच्या बटणांवर बोटं ठेवली, आरशात बघितलं, आणि एका दमात, एकदाही पुढं न घेता, डबा रेघेत नेऊन बसवला.

"हे काय अवघड ए?" ते म्हणाले, आणि तिथूनच कॉलनीला सांगायला निघाले की पॅड चांगलं असतं.

रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं, आकड्यावर लक्ष ठेवायला. इस्त्रीचा शर्ट होताच. हेडफोन काका लावत नाहीत, कान तापतात म्हणून. त्यामुळं वर्षाचा आवाज खोलीभर आला.

"बाबा, मशीन कसंय आज?"

"एकदम थंडा! स्वाती बसलीये इथं. तिनंच केलं."

"थँक्यू, स्वातीताई! यांनी तुला छळलं असेल."

"छळलं, पण बिघाड सापडला," मी म्हणाले.

दोन ट्रक निघाले. तिचा पुढं, काकांचा मागं, पाटीवरच्या आकड्यापेक्षा थोड्या कमी वेगानं. वर्षा घरमालकिणीबद्दल सांगत होती, जिला जिन्यात चपला दिसलेल्या चालत नाहीत. मेथी मिळत नाही म्हणाली. काका "हं" म्हणत होते, वळणावर दिवा देत होते. जिथं मागच्या खेपेला पडदा काळा झाला होता, ते वळण आलं आणि गेलं. काकांचा डावा हात सारखा लॅपटॉपच्या कडेला टेकत होता. मी अंगठा वर करून दाखवला. आकडा जागच्या जागी होता.

वर्षा हळूहळू गप्प झाली. नुसते ट्रक चालले होते. काकांनी काही विचारलं नाही. मी असते तर चार वेळा विचारलं असतं.

तेवढ्यात डेपो आला. चाचणीच्या फेरीतलाच. वर्षानं तिचा ट्रक लावला. "चला बाबा, पोचलो. तुमचा लावा, मग मी ठेवते."

काकांनी ट्रक मागं घेतला. डबा वाकडा गेला.

"च्," काका म्हणाले. पुढं घेतला. पुन्हा मागं. या वेळी दुसऱ्या बाजूला वाकडा. मी चकित होऊन त्यांच्याकडं बघितलं. चाचणीत तर एका दमात लावला होता, हीच जागा, हाच डबा! काका माझ्याकडं बघत नव्हते. अगदी मन लावून चुकत होते.

"राहू द्या, सावकाश घ्या," वर्षा म्हणाली. "मी थांबलेय." आणि मग थोड्या वेळानं, "बाबा, त्या दिवशी सांगत होते ना..."

"हं."

"मला इथं करमत नाही, बाबा. काम चांगलंय, लोकही चांगलेत. पण संध्याकाळी घरी आलं की दार उघडून कुणाशी काय बोलावं तेच कळत नाही. लई एकटं वाटतं. परत यावंसं वाटतं. पण तुम्ही सगळ्या कॉलनीला सांगत असता ना, माझी मुलगी जर्मनीत ए म्हणून..."

मी उठले. हे माझ्यासाठी नव्हतं. दाराशी काकू उभ्या होत्या, हातात अर्धवट विणलेला रुमाल, सुई तशीच थांबलेली. त्यांनीही ऐकलं होतं. मी काकूंचा हात धरला.

आत काकांनी ट्रक पुन्हा पुढं घेतल्याचा आवाज आला. 

"कॉलनीचं काय घेऊन बसली," ते म्हणाले. "यायचं तर ये. घर तुझंच ए. राहायचं तर राहा, पण असं मनात ठेवू नको, माय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, तुमचा ट्रक लागला का?"

"नाय अजून," कॉलनीतल्या कुणाचीही गाडी एका दमात लावून देणारे शेषराव काका म्हणाले. "लई अवघड जागा ए ही. तू बोल."